मनातील आरसा

आपण कसे आहोत, याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात असते. ‘मी खरे बोलणारा आहे’, ‘मी वाटून खाणारी आहे’, अशा समजुतींनी ते रंगलेले असते. हे चित्र मनुष्याच्या वागणुकीवर मोठा अंमल गाजवते.

अमेरिकेत ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस हॅलोवीन नावाचा सण असतो. त्या संध्याकाळी मुले नाना प्रकारची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. या प्रसंगाचा उपयोग करून काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला; तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. घरातील बाई मुलांना खाऊचे भांडे दाखवी, “प्रत्येकी एकच घ्या,” असे बजावी आणि निघून जाई. मुले काय करतात, ते एक निरीक्षक लपून पाही. काही वेळा भांड्यामागे आरसा ठेवलेला असे. ज्या मुलांना आधी नाव व पत्ता विचारला होता, त्यांच्यापैकी आरशासमोर जास्त खाऊ उचलणारी मुले पुष्कळच कमी निघाली. आरसा कोणाची चहाडी करीत नाही, की कोणाला शिक्षा करीत नाही. तो ज्याचे रूप त्याला दाखवतो, एवढेच. हात पुढे होताना मुलाला स्वतःचाच चेहरा दिसे आणि हात आखडे.

परंतु काचेचा आरसा असेल तेच दाखवतो. मनातील आरसा मात्र कित्येकदा आवडेल ते दाखवतो. स्वित्झर्लंड व अमेरिका येथील संशोधकांनी २०२० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लोकांना काही पैसे स्वतः व एक अनोळखी माणूस यांच्यात वाटावयास सांगितले होते. नंतर, दुसऱ्याला किती दिले, असे विचारले. ज्यांनी स्वतःलाच योग्य वाटेल त्याहून कमी दिले होते, त्यांच्या आठवणीत ती रक्कम वाढलेली आढळली. अचूक आठवणीबद्दल मोबदला ठेवला, तरीही हीच चूक झाली. स्वार्थही साधला आणि मनातील चित्रही निष्कलंक राहिले!

म्हणून स्वतःविषयी चांगले मत असणे हितकारक असले, तरी पुरेसे नाही. ते आपल्या कृतीशी वारंवार ताडून पाहिले पाहिजे. आपण वाटून खातो असे वाटत असेल, तर आज कोणाला काय दिले ते आठवावे. आणि आठवण फारच गोड असेल, तर ज्याला दिले त्यालाच विचारावे.

स्वाध्याय
१. आरशासमोर मुलांचा हात का आखडला?
२. काचेचा आरसा व मनातील आरसा यांत कोणता फरक आहे?
३. स्वतःविषयीचे चांगले मत केव्हा उपयोगी पडते व केव्हा फसवते, ते उदाहरण देऊन लिहा.