शरीरांतील कांटा व आठवड्याची गोळी

शास्त्रपाठ : २ करिंथ १२:७–१०, १ तीमथ्य ५:२३

आपल्या शरीरांतील कांटा निघावा म्हणून पौलानें प्रभूला तीन वेळां विनविलें, तरी कांटा राहिला. तो कोणता रोग होता हें शास्त्र सांगत नाहीं. पंडितांनीं नेत्ररोगापासून हिंवतापापर्यंत अनेक तर्क केले. पण तें न सांगितलें हेंच बरें, कारण त्यामुळें प्रत्येक दीर्घरोग्यास हा उतारा आपला म्हणतां येतो. ह्याच प्रेषितानें तीमथ्याला त्याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें. तो त्या काळचा उपचार होता. हे दोन्ही उतारे एकत्र वाचावे. कारण नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या खेड्यांत आमवातानें पिडलेल्या बहिणींपुढें हाच प्रश्न आहे, कीं विश्वासणाऱ्यानें वर्षानुवर्षें गोळ्या घ्याव्या काय?

सकाळीं भाकरी थापतांना बोटें वळत नाहींत, तास दोन तास हात आंखडलेले राहतात, दोन्ही मनगटें सुजतात, आणि हें सहा आठवड्यांहून अधिक चालतें. तर तें शेतकामाचें दुखणें समजून सोडूं नये. ह्या रोगांत शरीराचें रक्षण करणारी शक्तिच आपल्या सांध्यांस शत्रु समजून त्यांवर उठते. करणी किंवा बाळंतपणांतील हयगय हें त्याचें कारण नव्हे. १९९६ सालीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें घरोघर पाहणी झाली, तेव्हां सुमारें २०० प्रौढांमागें एकास हा रोग आढळला. पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो पुष्कळ अधिक होतो.

सुईनें लगेच आराम पडतो, म्हणून लोक प्रथम तिकडे वळतात. १९४८ सालीं अमेरिकेंत डॉ. फिलिप हेंच ह्यांनीं अशाच एका रोगी स्त्रीस कॉर्टिसोन टोचलें, आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हें स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर वाढते, मोतीबिंदु होतो. बिननांवाच्या पुड्यांतही कधीं कधीं तेंच मिसळलेलें असतें. शिवाय महिनोन्‌ महिने घेतलेलें स्टेरॉइड एकाएकीं बंद केलें तर जीवावर बेततें, कारण शरीर तसला रस स्वतः करण्याचें विसरलेलें असतें. तें डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करावें.

दुसरी वाट मेथोट्रेक्सेट ह्या गोळीची. तिचा गुण दिसावयास सहा ते बारा आठवडे लागतात, आणि ह्याच काळांत पुष्कळ जण कंटाळतात. पण सांधे वांकडे होण्यापासून वांचविण्याचें काम ती करिते. तिच्यासाठीं रक्ततपासणी वेळोवेळीं करावी लागते, दारू वर्ज्य करावी लागते. आणि गरोदरपणीं ती घेऊं नये, म्हणून मूल हवें असल्यास आधींच डॉक्टरांस सांगावें. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीला फॉलिक ॲसिड देतात. ह्या द्रव्याच्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईचा आहे. १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करण्यास तेथें आल्या. त्यांच्यापुढें गिरणीकामगार बायाही होत्या. यीस्टच्या अर्कानें त्या बऱ्या होतात असें विल्सबाईंस आढळलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड ठरलें.

प्रार्थनासभेनंतर सूज उतरली म्हणून गोळ्या उकिरड्यावर टाकणें ह्यास आम्ही विश्वास म्हणत नाहीं. रोग खरोखर निवला असेल तर तपासणींत दिसेल, आणि डॉक्टरच मात्रा उतरवतील. लातूर व नांदेड ह्या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें जाण्यांत एक दिवसाची मजुरी बुडते, हें खरें. मंडळीच्या पंचांनीं अर्पणांतून ती भरून दिली तर कोणाची हरकत असावी?

आतां सर्वांत जपण्याची गोष्ट. मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास तोंड सोलवटतें, रक्ताच्या पेशी घटतात, माणूस दगावतोही. म्हणून गांवच्या बाजाराचा दिवस गोळीचा ठरवावा, म्हणजे सर्व घराच्या ध्यानांत राहील. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या लेकराकडून कॅलेंडरावर खूण करवून घ्यावी. एखादा बाजार चुकला, तर पुढच्या बाजारीं दोन वेळची मात्रा एकदम घेऊं नये, डॉक्टरांस विचारावें.