मॉरिशसला निघालात? आधी पायांचं बघू

लग्नसराई सुरू झाली, की दवाखान्यात मॉरिशसला निघालेली जोडपी येऊ लागतात. त्यांच्या मागोमाग साठीतले आई-वडीलही येतात, कारण लग्नाच्या वाढदिवसाची तिकिटं मुलांनी काढून दिलेली असतात. ‘मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का? लस कुठली?’ हे प्रश्न ठरलेले. कुणी शार्कबद्दल विचारतं. पाण्यात उतरताना पायात काय घालायचं, हे मात्र मला अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

मॉरिशसला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाच्या खडकांचं कडं आहे. लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आत, किनाऱ्यालगत, तळ्यासारखं निवांत पाणी राहतं. हेच ते लगून. कोकणातल्या लाटांची सवय असलेल्या आपल्या माणसाला ते पाहून धीर येतो आणि तो अनवाणी आत चालत सुटतो. त्या उथळ पाण्यात, मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांत, स्टोनफिश नावाचा मासा असतो. तिथले लोक त्याला ‘लाफ’ म्हणतात. तो अंगावर येत नाही, शेवाळलेल्या दगडासारखा पडून राहतो. आपणच त्याच्यावर पाय देतो आणि त्याच्या पाठीवरचे विषारी काटे तळव्यात घुसतात. वेदना इतकी भयंकर असते, की धडधाकट माणूसही गुरासारखा ओरडतो.

असं झालं, तर जखम चोखू नका, वर करकचून दोरी बांधू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. हे विष उष्णतेने निकामी होतं. पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या कुणीतरी हाताने पाहावं. दुखण्याच्या भरात जखमी पायाला चटका कळत नाही आणि वरून भाजून निघतं. मग थेट रुग्णालय गाठा. तिथे रुग्णवाहिकेचा क्रमांक 114 आहे. निघण्यापूर्वीच तो फोनमध्ये साठवून ठेवा.

जाड तळव्याचे पाण्यात घालायचे बूट इथूनच घेऊन जा. पातळ रबरी तळव्यातून काटा आरपार जाऊ शकतो, म्हणून पाऊल उचलून टाकण्यापेक्षा वाळूवरून घासत चाला. काळ्या काट्यांच्या गोळ्यासारखे दिसणारे सी अर्चिन पायाखाली आले, तरी या बुटांचा उपयोग होतो. आणखी एक गोष्ट, लहान मुलांच्या आई-वडिलांसाठी. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख पाण्यात दिसला, तर मुलांना तो उचलू देऊ नका. आत जिवंत गोगलगाय असते आणि तिच्या काही जातींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो.

मधुमेह असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर तापलेली वाळू, प्रवाळाचा ओरखडा, रुतलेला काटा यांतलं काहीच तुम्हाला कळणार नाही. परत आल्यावर आठवड्याने चिघळलेली जखम घेऊन तुम्ही माझ्यासमोर बसता, आणि मग बोट वाचवण्याची लढाई सुरू होते. रोज रात्री हॉटेलवर गेल्यावर दोन्ही तळवे दिव्याखाली नीट पाहा. स्वतःला दिसत नसतील, तर जोडीदाराला पाहायला सांगा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. वेळेचा फरक दीडच तासाचा आहे, त्यामुळे सहसा डोस बदलावा लागत नाही.

पाण्याचंच आणखी थोडं. प्रवाळाच्या कड्याला जिथे खिंडी आहेत, तिथून पाणी जोराने बाहेर ओढतं. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी तर कडं नाहीच, खुला महासागर थेट कड्याकपारींवर आदळतो. तिथे फोटोसाठीसुद्धा काठावर जाऊ नका. ओढीत सापडलात, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. अंग पाण्यावर तरतं ठेवा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. होडीत लाइफ जॅकेट अंगात हवं, मांडीवर नको. डोक्यावर शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळाशी चालण्याचा खेळ तिथे फार लोकप्रिय आहे, पण सर्दी असेल तर तो टाळा, कानाचा पडदा दुखावतो. हृदयविकार, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर तो विचारच नको.

डिसेंबर-जानेवारीत तिथे उन्हाळा असतो आणि दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो. वारा सुखद असल्याने चटका जाणवत नाही. मासे बघत पाण्यावर पालथं तरंगणाऱ्यांची पाठ संध्याकाळी लालबुंद होते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

आता मलेरिया. एकोणिसाव्या शतकात या रोगाने हे बेट पोखरून काढलं होतं. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस 1907 साली स्वतः उपाय सुचवायला तिथे गेले होते. आज तिथे मलेरियाचा स्थानिक प्रसार नाही, गोळ्या नकोत. उलट त्यांना भीती आपल्याकडून जाणाऱ्या मलेरियाची असते. तिथे पोचल्यावर ताप आला, तर भारतातून आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. डास मात्र आहेत, दिवसा चावणारे. 2005-06 मध्ये हिंदी महासागरातल्या या बेटांवर चिकुनगुन्याची मोठी साथ आली आणि त्याच सुमारास महाराष्ट्रही सांधे धरून बसला होता, हे अनेकांना आठवत असेल. 2025 मध्ये तो मॉरिशसमध्ये पुन्हा आला. डेंग्यूही असतो. आधी सनस्क्रीन, त्यावर डासांचं मलम, हा क्रम ठेवा.

राजधानी पोर्ट लुईला, करारावरचे मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट जरूर पाहा. आपल्या कोकणातूनही करारावर गेलेल्या मजुरांचा इतिहास या बेटाशी जोडलेला आहे. घाटावर त्या काळच्या रुग्णालयाचे अवशेष अजून उभे आहेत. डॉक्टर म्हणून मला तिथून लवकर पाय काढवला नाही.

औषधांबाबत एक महत्त्वाची सूचना. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांवर तिथले नियम फार कडक आहेत. असं काही चालू असेल, तर निघण्याआधी त्यांच्या उच्चायुक्तालयाकडे चौकशी करा. बाकी औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशारे एक ते चार अशा श्रेणींत दिले जातात. तिसरी श्रेणी लागली, की हॉटेलबाहेर पडायचं नाही, मग सहलीचे पैसे बुडाले तरी चालतील. वादळ नसतानाही जोराच्या पावसात भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरू नका. 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात 11 जण गेले, त्यांतले काही अशाच जागी अडकले होते.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर अंग दुखतंय म्हणून मनाने आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मॉरिशसहून आल्याचं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.