मानवेलाची गळकाठी कशी करावी

नाशिक जिल्ह्यांत, विशेषतः निफाड व दिंडोरीकडील द्राक्षाच्या पट्ट्यांत, अलीकडे शेततळ्यांची संख्या फार वाढली आहे. २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना निघाल्यापासून तर लहान खातेदारांनींही तळीं खोदलीं. पाणी मुरूं नये म्हणून बहुतेकांनीं आंतून प्लास्टिकचा कागद अंथरला आहे, आणि पाणी आहेच तर मासेही होऊं द्यावेत या विचारानें कित्येकांनीं रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडलें आहे. बीज सोडणें सोपें असतें. ते मासे किती वाढले हें मधून मधून पाहणें आणि घरापुरते दोन-चार काढणें हें मात्र अस्तराच्या तळ्यांत अवघड जातें. शिशाच्या गोळ्यांचें फेकजाळें ओढतांना कागद फाटण्याची भीति असते, आणि कागद एकदां फाटला कीं उन्हाळ्याच्या तोंडावर तळें रिकामें झालेंच म्हणून समजावें. दुसरी भीति याहून मोठी. ओल्या कागदावर पाय ठरत नाहीं. पोहणारा मनुष्यही घसरून पडल्यावर वर येऊं शकत नाहीं. अशा तळ्यांत माणसें व मुलें दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतों. याकरितां कुंपणाच्या बाहेर उभें राहून मासा काढतां येईल अशी गळकाठी प्रत्येक तळेवाल्या शेतकऱ्यापाशीं असावी, आणि ती त्यानें स्वतः करावी, असें माझें मत आहे. बाजारांत काठ्या मिळतात हें खरें. परंतु त्या कोणाच्या तरी दुसऱ्याच पाण्यासाठीं केलेल्या असतात.

काठीचें माप आधीं ठरवावें, बांबू मागाहून शोधावा. पुष्कळांचा क्रम याच्या उलट असतो. समजा, तळ्याच्या बाजूंचा उतार दीडास एक आहे, म्हणजे दीड फूट आंत गेल्यावर एक फूट खोली मिळते. कांठापासून कुंपण ३ फूट मागें आहे आणि काठीची मूठ व कोपराखालचा भाग मिळून २ फूट कुंपणाच्या आंत येऊं शकत नाहींत. तेव्हां १४ फुटांची काठी घेतली तर तिचा शेंडा कांठापासून ९ फूट आंत जाईल. तळें कांठोकांठ भरलें असतां तेथें ६ फूट खोली मिळेल. गळ तळापासून फूटभर वर ठेवावयाचा, म्हणून त्यास ५ फूट पाणी मिळालें. एवढें पुरे. काठी ११ फुटांची केली तर खोली ४ फुटांवर येईल, आणि मग मनुष्य नकळत कुंपण ओलांडूं लागेल. पाणी उतरल्यावर कांठ लांब जातो, हेंही ध्यानांत घेऊन फूटभर लांबी जास्तच धरावी. मात्र १५ फुटांच्या वर गेल्यास काठी एका हातास पेलत नाहीं. ज्याचें तळें फार रुंद व उताराचें आहे त्यानें काठी लांबविण्याऐवजीं कुंपणाबाहेर लांकडी मचाण बांधावें.

आतां बांबूविषयीं. बुरुडाच्या टोपल्यांस लागणारा पोकळ, पातळ भिंतीचा बांबू या कामास उपयोगी नाहीं. आपल्याकडे ज्यास मानवेल म्हणतात तो घ्यावा. खडकाळ, मुरमाड व कोरड्या जागीं वाढलेला मानवेल बारीक राहतो, पण जवळजवळ भरीव होतो. लाठ्या व भाल्यांचे दांडे याचेच करीत. तोच बांबू ओढ्याच्या कांठीं भरपूर पाण्यावर वाढला तर जाड, उंच आणि पोकळ होतो. म्हणून पाटाच्या बांधावरील देखणें बेट सोडून माळाच्या टोंकाचें खुरटलेलें बेट पाहावें. शेतकऱ्यास ही निवड विचित्र वाटेल. त्याची नजर नेहमीं जोमदार वाढीकडे जाते.

या आपल्या मानवेलाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंत व अमेरिकेंत उंची गळकाठ्या ज्या बांबूच्या होत, तो कलकत्ता बंदरांतून जाई, म्हणून त्यास तिकडे कलकत्त्याचा बांबू म्हणत. तो मानवेलच होता असें जाणते लोक मानतात. पेन्सिल्व्हानियांतील ईस्टन गांवच्या सॅम्युअल फिलिप नांवाच्या बंदुका करणाऱ्या कारागिरानें १८४० नंतरच्या दशकांत बांबू उभा चिरून त्याच्या पट्ट्या सरसानें जोडून काठी केली; पुढें सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी सर्वत्र रूढ झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूनें मानवेलास मागें टाकलें. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला तेव्हां तोही मिळेनासा झाला, आणि काचतंतूच्या काठ्यांनीं बाजार घेतला. इकडे मद्रास इलाख्यांतील एक मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन टॉमस यांनीं १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर इंग्रजींत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जमाबंदीचें दप्तर सांभाळून त्यांस एवढी सवड कोठून मिळाली, याचें आमच्यासारख्या कारकुनी केलेल्यांस नवल वाटतें.

सहा पट्ट्यांची काठी घरीं करावयाच्या भरीस आपण पडूं नये. तिला साठ अंशांचा कोन साधणारा रंधा व सांचा लागतो. अखंड बांबूची काठी आपल्या कामास पुरेशी आहे.

कायद्याची बाजूही येथें सांगून टाकतों. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत बांबू हा 'झाड' या व्याख्येंत घातलेला होता. त्यामुळें स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही पासाचे हेलपाटे पडत, आणि म्हणून कित्येकांनीं बेटें लावण्याचेंच सोडून दिलें. २०१७ सालीं त्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला. आतां वनाबाहेरील, म्हणजे आपल्या मालकीच्या जमिनींत लावलेल्या बांबूस त्या कायद्याचा अडथळा राहिलेला नाहीं. राखीव वनांतील बांबूस ही सवलत लागू नाहीं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरीकडील शेतकऱ्यांची शेतें वनाच्या हद्दीस लागून असतात. त्यांनीं हद्दीची खूण पाहूनच कोयता चालवावा. बेट आपल्या बांधावर असेल तर ई-पीक पाहणीच्या वेळीं बांधावरील झाडांत त्याची नोंद करून घ्यावी. वाद उत्पन्न झाल्यावर तोंडी साक्षीपेक्षां कागद बरा.

बेटांत कोणता बांबू तोडावा? नवा कोंब पावसाळ्यांत निघतो व थोड्याच महिन्यांत पूर्ण उंची गांठतो. परंतु त्या वेळीं तो आंतून कच्चा असतो. त्याच्या अंगावर पांढरी भुकटी असते व पेरांस सालपटें चिकटलेलीं असतात. तीन वर्षांचा बांबू काळवंडलेला, सालपटें गळालेला, अंगावर दगडफुलासारखे ठिपके आलेला दिसतो, आणि कोयत्याच्या पाठीनें ठोकल्यास खणखणीत वाजतो. असा बांबू, बुंध्याशीं सुमारें सव्वा इंच जाडीचा व शेंड्याकडे क्रमाक्रमानें बारीक होत गेलेला, निवडावा. तोड मार्गशीर्ष-पौषांत करावी. पावसाळ्यांत तोडलेल्या बांबूंत पिष्टद्रव्य भरपूर असतें आणि त्यावर बारीक भुंगेरे तुटून पडतात. चार महिन्यांत काठीखालीं पिठासारखा भुसा दिसूं लागतो. वद्य पक्षांत तोडावा असें जुनें लोक सांगतात. तें पाळण्यांत नुकसान कांहीं नाहीं, पण पक्षापेक्षां महिना महत्त्वाचा. तोडतांना जमिनीवरील पहिल्या किंवा दुसऱ्या गांठीच्या लगत वरून तोडावें, म्हणजे खुंटांत पाणी सांचून बेट कुजत नाहीं. फांद्या द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीनें काढाव्या. कोयत्यानें ओरबाडल्यास गांठीजवळची साल निघते व काठी पुढें तेथेंच मोडते.

तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यांत दगडाखालीं बुडवून ठेवावा. वाहता ओढा मिळाला तर उत्तम; साध्या हौदांत ठेविल्यास पाण्यास घाण येईल, तें बदलीत जावें. या रीतीनें पिष्टद्रव्य बरेंच निघून जातें. नंतर शेंड्याशीं दोरी बांधून तो सावलींत उभा टांगावा आणि बुंध्याला एक वीट बांधावी, म्हणजे वाळतां वाळतां त्याचें वांकण कमी होतें. उन्हांत वाळविल्यास तो उभा तडकतो. दोन ते तीन महिने लागतात, आणि येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो. ज्यांच्या घरीं अद्याप चूल पेटते त्यांनीं धुराच्या वाटेवर टांगल्यास कीड आणखी दूर राहते.

वाळलेली काठी सरळ करण्यासाठीं निखारे पाहिजेत, ज्वाळा नकोत. वांकलेल्या भागास तेलाचा हात लावून तो निखाऱ्यांवर एकसारखा फिरवीत शेकावा. थोड्या वेळानें सालीवर मेणासारखा ओलावा सुटून चकाकी येते. बांबू मऊ झाल्याची ती खूण. लगेच लांकडाच्या खांचेंत धरून उलट बाजूस किंचित जास्तच वांकवावा आणि ओलें फडकें फिरवून निवेपर्यंत तसाच धरावा. साल काळी पडूं लागली कीं जास्त झालें. बांबू पोकळ असेल तर शेकण्यापूर्वीं लांब तापलेल्या सळईनें आंतील पडदे फोडून घ्यावेत. कोंडलेली हवा तापून पेर फुटतें व चिपा डोळ्यांत उडतात. भरीव मानवेलास ही भीति नाहीं.

सरळ झालेली काठी पारखून घ्यावी. शेंड्यास अर्धा शेर वजन टांगून ती आडवी धरल्यास तिची कमान धनुष्यासारखी, बुंध्याकडून शेंड्याकडे वाढत जाणारी पडली पाहिजे. एकाच गांठीवर कोन होत असेल तर ती काठी मासा लागल्यावर तेथेंच जाईल. तिचा वेलास आधार करावा व दुसरी घ्यावी. कमान दुरुस्त करण्यासाठीं वरची साल तासणें ही मोठी चूक होय, कारण बांबूचे बळकट तंतु सालीलगतच दाट असतात. काठी ताठ वाटली तर बुंध्याकडून थोडी कापावी, लुळी वाटली तर शेंड्याकडून. यासाठींच आरंभीं फूट-दोन फूट लांबी राखून ठेवावी.

नंतर गुंडाळणी. प्रत्येक गांठीच्या दोन्ही अंगांस आणि शेंड्याकडील ३ फुटांत वीत-वीत अंतरावर, अर्धा इंच रुंदीचे दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत. दोऱ्याचें शेवटचें टोंक एका फांसांतून ओढून वेढ्यांखालीं दडवावें. वर गांठ ठेवूं नये. सुती दोरा चालतो, परंतु रेशीम अधिक बळकट. आपल्या जिल्ह्यांत येवल्यास पैठणी विणणाऱ्यांकडे ताण्याचे उरलेले तुकडे असतात, ते मागून घ्यावेत. त्यावर व्हार्निश दिलें कीं रेशीम पारदर्शक होतें व रंग गडद दिसतो. सर्व काठीस जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळूं देऊन, द्यावेत. बुंध्यास पितळेची शेंबी बसवावी. नाशिकच्या तांबटांस माप दिल्यास ते ती करून देतात. एस. टी. तून नेण्यासाठीं काठीचे दोन तुकडे करून पितळी नळीनें जोडतां येतात. पण शेततळ्यासाठीं जोड नसलेली काठी बरी.

दोरी केवळ शेंड्यास बांधूं नये. ती मुठीच्या वर फूटभर बांधून, काठीच्या अंगानें चार ठिकाणीं सैल वेढे घेत शेंड्यापर्यंत न्यावी व तेथें पक्की करून पुढें सोडावी. शेंडा मोडला तरी मासा व तुटका भाग हातीं राहतो. दोरी नायलॉनची, पण काठीपेक्षां कमी बळाची असावी, म्हणजे प्रसंग पडल्यास दोरी तुटते, काठी वांचते. तरंगण्यासाठीं ज्याचीं बाशिंगें करतात त्या भेंडाचा किंवा पांगाऱ्याच्या लांकडाचा तुकडा घ्यावा, आणि तो गळापासून पांच फुटांवर बसवावा. पाण्याची पातळी उतरेल तसा तो खालीं सरकवावा. नाहींतर गळ कागदांत रुतेल. गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा. मग मासा वजन करून जिवंत परत सोडतां येतो व चुकून कागदास लागलेला गळही सहज निघतो. आमिषास कणकेची गोळी किंवा गांडूळ. मासा शेराहून मोठा असेल तर त्यास काठीनें उचलूं नये. कांठाशीं आणून लांब दांड्याच्या झोळीनें काढावा. गळास प्रथम भुकेले व धीट मासे लागतात, म्हणून त्यांच्या वजनावरून सगळ्या तळ्याचा अंदाज थोडा कमीच धरावा.

हीच काठी दुसऱ्या पाण्यावर नेतांना विचार करावा. गांवतळीं व धरणांचे जलाशय मासेमारीसाठीं बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. त्यांची परवानगी घ्यावी, कारण ती त्यांची उपजीविका आहे. नांदूर मधमेश्वर हें १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथें मनास येईल तसा गळ टाकतां येत नाहीं.

विजेच्या तारांची गोष्ट शेवटीं सांगत असलों तरी ती पहिल्यानें पाहावयाची आहे. पंपाच्या तारा तळ्यावरून व बांधावरून लोंबत गेलेल्या असतात, आणि १४ फुटांची काठी उभी धरली म्हणजे ती मनुष्याच्या उंचीसह १८-१९ फुटांवर पोंचते. कोरडा बांबू वीज नेत नाहीं या भरंवशावर राहूं नये. पाण्यांतून काढलेली ओली काठी व ओली दोरी वीज नेते. बाजारांतील कार्बन तंतूच्या काठ्या तर कोरड्याही नेतात. तारांखालून जातांना काठी आडवी, जमिनीलगत धरून न्यावी.

काम झाल्यावर काठी पुसून, दोरी सोडून, ओसरीच्या आढ्यास तीन ठिकाणीं आधार देऊन आडवी टांगावी. भिंतीस टेकवून ठेवलेली काठी एका पावसाळ्यांत वांकते, आणि जमिनीवर टेकलेल्या बुंध्यास वाळवी लागते. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास अवजारें साफ करतों, त्यांतच तिला तेलाचा एक हात द्यावा व सुटलेले वेढे नवे घालावेत.