तंबोऱ्याच्या प्रोग्राममधला न ऐकू येणारा दोष

परेडच्या मैदानावर माइक लाउडस्पीकरच्या तोंडाशी आला की वाजणारी कर्कश शीळ प्रत्येक कॅडेटने ऐकलेली आहे. माइकमध्ये शिरलेला आवाज मोठा होऊन लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. हाच फीडबॅक. मैदानावर तो नको असतो. पण तारेचा आवाज प्रोग्राममध्ये घडवायचा असेल, तर तो मुद्दाम तयार करावा लागतो.

आपल्या संगणक-मंडळातील तीन कॅडेट्सनी या हिवाळ्यात असाच एक तंबोरा लिहायला घेतला. शाळेचा मिरजेहून आणलेला तंबोरा दिल्लीकडच्या हवेला कंटाळला आहे. मे-जूनची कोरडी लू काय आणि जानेवारीचे धुके काय, त्याच्या तारा सारख्या उतरतात नाहीतर चढतात. वार्षिक समारंभातल्या प्रार्थनेसाठी स्थिर षड्ज हवा होता.

त्यांनी निवडलेली पद्धत केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की नववीच्या विद्यार्थ्यालाही कागदावर करता येईल. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि स्वर २४० हर्ट्झचा हवा असेल, तर २०० घरांची एक रांग घ्यायची. तार छेडणे म्हणजे त्या घरांत कसेही आकडे भरणे. मग दर नमुन्याला रांगेतून बाहेर पडलेला आकडा आणि त्याच्या आधीचा आकडा यांची सरासरी काढायची, ती ऐकवायची आणि तीच पुन्हा रांगेच्या शेपटाला जोडायची. सरासरीमुळे तीक्ष्ण कंपने लवकर विरतात, मुख्य स्वर रेंगाळतो. तार अशीच तर वाजते!

कॅडेट्सचा तंबोरा पहिले मिनिटभर छान वाजला. नंतर आवाज खरखरीत झाला आणि दीड मिनिटाच्या सुमारास तार मुकी झाली. पडद्यावरची आवाजाची पट्टी मात्र काठोकाठ भरलेली! एकाने व्हॉल्यूम कमी-जास्त केला, दुसऱ्याने साउंड कार्ड बदलून पाहिले.

असे चाचपडणे स्वाभाविक आहे, पण इथे ते उपयोगी पडत नाही. सरळ रेषेत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बाहेर आलेल्या उत्तरावरून मागे मागे जात दोष सापडतो. वर्तुळात तसे होत नाही. तिथे प्रत्येक चूक सेकंदाला २४० फेऱ्या मारते आणि सगळीकडे सारखीच पसरते. दर फेरीला आवाज ०.९९९ पट होत असेल, तर दहा सेकंदांत तो सुमारे एक-अकरांश उरतो, १.००१ पट होत असेल, तर तेवढ्याच वेळात अकरा पट होतो. आत हजारात दोनचा फरक, बाहेर जमीन-अस्मानाचा.

म्हणून पहिले काम वर्तुळ तोडण्याचे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की बंद वर्तुळ स्थिर राहील की नाही, हे उघड्या वर्तुळाची मापे घेऊन आधीच सांगता येते. त्यांचे गणित अवघड आहे. त्यामागचा विचार आपल्याला पुरतो. रांगेच्या शेपटाकडे जाणारी वाट बंद करा, छेडीऐवजी फक्त एकच १ आत सोडा, पुढे सगळी शून्ये, आणि बाहेर काय येते ते आकड्यांत वाचा. आमच्याकडे २०० आणि २०१ या क्रमांकांवर ०.५, ०.५ आले. क्रमांक १९९ पासून सुरुवात झाली असती, तर घर वाचायच्या आधीच पुढचा आकडा लिहिला जातोय हे कळले असते. ही चूक फार वेळा आढळते.

मग वाट उघडून दोनच फेऱ्या होऊ द्या. दुसऱ्या फेरीला ०.२५, ०.५, ०.२५ आले. तिसरीला येणारे आकडे कॅडेट्सनी स्वतःच आधी सांगितले: १, ३, ३, १, प्रत्येकी भागिले ८. हा तर हलायुधाचा मेरुप्रस्तार, पाठ्यपुस्तकातला पास्कलचा त्रिकोण!

या त्रिकोणातून दोन गोष्टी दिसल्या. एक, पहिल्या फेरीचा मध्य २०० वर नसून २००.५ वर आहे. सरासरीने अर्धा नमुना खाल्ला, म्हणून स्वर २४० ऐवजी २३९.४ हर्ट्झ. हा फरक जेमतेम चार सेंटचा (अर्धस्वराचे १०० सेंट), पण दोन सप्तके वर, पन्नास घरांच्या रांगेत, तो सतरा सेंट होतो आणि गाणाऱ्याला खुपतो. रांग १९९ घरांची करून उरलेला अर्धा नमुना वेगळ्या गाळणीने घालावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक ओळीची बेरीज पूर्ण १ येते. म्हणजे रांगेत न हलणारी, स्थिर पातळी शिरली तर ती कधीच विरत नाही. आता छेडीचे आकडे पाहिले: ते ० ते ०.१ मधले होते, सगळे धन. सरासरी ०.०५. तार दर पाच सेकंदांनी छेडली जाई आणि प्रत्येक छेडीला ०.०५ ची पातळी आत साचे. वीस छेडींत ती १ ला, म्हणजे प्रोग्राममध्ये ठेवलेल्या कमाल मर्यादेला टेकली. त्यावर पडणारी प्रत्येक नवी छेड छाटली गेली. स्थिर पातळी कानाला ऐकूच येत नाही, म्हणून शंभर वेळा ऐकूनही दोष सापडला नसता. छेडीतून सरासरी वजा केली आणि स्थिर पातळी अडवणारी छोटी गाळणी वर्तुळाच्या आत बसवली. तीच बाहेर, शेवटी बसवली असती, तर पट्टी निरोगी दिसली असती आणि तार तरीही मुकी झाली असती.

आतले आकडे बघण्याचीही रीत आहे. प्रत्येक नमुना पडद्यावर छापू नका. २५६ नमुन्यांचा गट तयार करायला प्रोग्रामला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. छापण्यात त्याहून अधिक वेळ गेला तर आवाजात टकटक येते आणि तुम्ही स्वतः घातलेला दोष शोधत बसता. आकडे आधीच राखून ठेवलेल्या जागेत साठवा, वादन थांबल्यावर फाइलमध्ये उतरवा. शून्याला शून्याने भागल्यावर येणारी ‘संख्या नाही’ ही खूण दिसते का, तेही तपासा. ती एकदा वर्तुळात शिरली की सरासरीबरोबर पसरत जाते, बाहेर पडत नाही.

आणि हे सगळे होईपर्यंत हेडफोन टेबलावर. गुणक १.०५ झाला तर २४० हर्ट्झचे वर्तुळ एका सेकंदाच्या आत मर्यादेला भिडते, हात कानापर्यंत पोचायच्या आधी. एनडीएच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटीमीटरवरची कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. पालकांनीही हा परिच्छेद वाचावा.

प्रार्थनेला तंबोरा अखंड वाजला. त्यात जवारी अजून नाही. घोडीवर सरकवलेल्या दोऱ्यामुळे तार तिला पुन्हा पुन्हा टेकते आणि तंबोऱ्याचा झणकार उमटतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिले होते. कॅडेट्स आता ती घालत आहेत. तिथे मेरुप्रस्तार चालणार नाही, कारण तार किती जोरात हलते यावर उत्तर बदलते. म्हणून त्यांना दोन चाचण्या दिल्या आहेत: एकदा १ सोडा, एकदा ०.१. दुसरे उत्तर पहिल्याच्या बरोबर दहावा भाग आले, तर जवारी अजून तारेला लागलेलीच नाही.