घरट्यातील अळीची ओळख

प्रास्ताविक

घरटे म्हटले की अंडी, पिल्ले आणि त्यांना भरवणारे पक्षी डोळ्यांसमोर येतात. परंतु घरट्याच्या आश्रयाने इतरही अनेक जीव वाढतात. काही माश्या घरट्यातच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या पिल्लांचे रक्त पिऊन पोसल्या जातात. अशाच एका माशीमुळे पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवरचे पक्षी संकटात सापडले. या माशीच्या अळ्या व कोष कसे ओळखतात आणि त्या ओळखीचे महत्त्व काय, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• माशीच्या वाढीच्या अवस्था सांगता येतील;
• अळी व कोष यांची ओळखचिन्हे स्पष्ट करता येतील;
• अचूक ओळख आणि योग्य उपाय यांचा संबंध विशद करता येईल.

मूळ पाठ

१. उशिरा लक्षात आलेला शत्रू

गालापागोस हा इक्वेडोर देशाचा द्वीपसमूह मुख्य भूमीपासून सुमारे १,००० किलोमीटर अंतरावर आहे. १८३५ साली चार्ल्स डार्विन येथे आला होता. येथील लहान पक्षी आज ‘डार्विनचे फिंच’ म्हणून जगभर ओळखले जातात. १९९७ साली या पक्ष्यांच्या घरट्यांत रक्त पिणाऱ्या अळ्या आढळल्या. त्या ‘फिलॉर्निस डाउन्सी’ या माशीच्या होत्या. ही माशी मूळची या बेटांवरची नाही. ती दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येथे पोहोचली. पुढे जुने कीटकसंग्रह तपासले असता १९६४ साली बेटांवर पकडलेल्या माश्यांतही तिचे नमुने सापडले. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ती तेथे होती, पण तिचे खरे रूप कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

याला कारणही तसेच होते. प्रौढ माशी घरमाशीच्याच कुळातील असून ती कुजणारी फळे व फुलांतील मध यांवर जगते. तिच्याकडे पाहून ती पक्ष्यांची वैरी असेल अशी शंकाही येत नाही. घात करते ती तिची अळी. आणि अळी दिवसा घरट्याच्या तळाशी दडून राहते.

२. अळीची तीन रूपे

अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषात जाईपर्यंत अळी दोनदा कात टाकते. त्यामुळे तिच्या वाढीचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यातील अळी अतिशय लहान असते आणि बहुधा पिल्लाच्या नाकपुड्यांत आढळते. वाचलेल्या काही पिल्लांच्या चोचीवरील नाकपुड्या कायमच्या रुंदावलेल्या दिसतात, त्या यामुळेच. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील अळ्या घरट्याच्या तळाशी राहतात आणि रात्री वर येऊन पिल्लांचे रक्त पितात.

माशीच्या अळीला पाय नसतात, ठळक डोकेही नसते. तिचे टोकदार टोक हे तोंडाकडचे आणि बोथट टोक हे मागचे असते. बोथट टोकावर दोन गडद ठिपके दिसतात. नवखा अभ्यासक त्यांना डोळे समजतो. प्रत्यक्षात ती श्वसनरंध्रे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्यात बारीक चिरा दिसतात. दोन चिरा असल्यास अळी दुसऱ्या टप्प्यातील आणि तीन असल्यास तिसऱ्या टप्प्यातील समजावी. एकाच घरट्यात निरनिराळ्या टप्प्यांतील अळ्या मिळाल्या, तर अंडी एकाच वेळी घातली गेली नव्हती असे अनुमान करता येते.

३. मारणारी कोण आणि मागून येणारी कोण?

मेलेल्या पिल्लाजवळ अळ्या दिसल्या, म्हणून त्यांनीच त्याला मारले असे म्हणता येत नाही. काही माश्या मृत मांसाच्या वासाने येतात. त्यांच्या अळ्या पिल्लाच्या मृत्यूचे कारण नसतात. त्या मृत्यूनंतर येतात. गालापागोसमधील घरट्यांतही अशा मांसमाश्या सापडल्या आहेत. त्यांच्या अळीची मागची श्वसनरंध्रे एका खोल खळग्यात लपलेली असतात. फिलॉर्निसच्या अळीची रंध्रे मात्र उघडी दिसतात. एवढ्या बारीक फरकावर अपराधी कोण, याचा निर्णय अवलंबून असतो.

४. कोषाची साक्ष

पूर्ण वाढलेली अळी घरट्याच्या तळाशी कोषात जाते. त्या वेळी ती तोंडावाटे फेसाळ द्रव सोडते. तो वाळून कोषाभोवती आवरण तयार होते, आणि हे फिलॉर्निसचे एक महत्त्वाचे ओळखचिन्ह आहे. कोषाचे कठीण कवच म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील अळीचीच घट्ट झालेली त्वचा. म्हणून श्वसनरंध्रांच्या खुणा कवचावरही राहतात. माशी उडून गेल्यावर मागे उरलेले रिकामे कवचसुद्धा त्या घरट्यात काय घडले याची साक्ष देते. यासाठी पिल्ले घरटे सोडून गेल्यानंतरच अभ्यासक घरटे उतरवतात, थराथराने सोडवतात आणि अळ्या, कोष व कवचे मोजतात. काही कोष जिवंत ठेवून त्यांतून निघणारी माशी पाहिली की ओळख पक्की होते.

५. ओळखीतून उपाय

इसाबेला बेटावरील कांदळवनात राहणारा ‘मँग्रोव्ह फिंच’ हा पक्षी आज केवळ शंभरच्या आसपास उरला आहे. त्याच्या घरट्यांतही ही अळी पोहोचली. शत्रू घरट्याच्या तळाशी असतो हे कळल्यामुळे घरट्याच्या तळात कीटकनाशक सोडण्याचा मार्ग सापडला. २०१४ पासून काही अंडी व पिल्ले घरट्यातून काढून माणसांच्या देखरेखीखाली वाढवण्यात आली आणि मोठी झाल्यावर पुन्हा कांदळवनात सोडण्यात आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कीटकनाशक लावलेला कापूस पक्ष्यांना उपलब्ध करून दिला गेला. पक्ष्यांनी तो स्वतःच घरट्यात विणला आणि अळ्या घटल्या. हे सर्व उपाय तात्पुरते आहेत. कायमच्या उपायासाठी फिलॉर्निसच्या कोषात वाढणाऱ्या एका परोपजीवी गांधीलमाशीचा अभ्यास केला गेला आहे. तेथेही प्रश्न ओळखीचाच आहे: ही गांधीलमाशी फिलॉर्निसचाच कोष निवडते, की बेटांवरच्या निरुपद्रवी कीटकांनाही अपाय करील?

शब्दार्थ

द्वीपसमूह – बेटांचा समूह
कात टाकणे – जुनी त्वचा सोडणे
श्वसनरंध्र – श्वास घेण्याचे छिद्र
परोपजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा
विशद करणे – स्पष्ट करून सांगणे

तुम्ही काय शिकलात?

• एकाच जीवाची प्रौढ अवस्था निरुपद्रवी आणि अळीची अवस्था घातक असू शकते.
• श्वसनरंध्रांतील चिरांच्या संख्येवरून अळीच्या वाढीचा टप्पा ठरवता येतो.
• कारण अचूक ओळखले, तरच उपाय योग्य जागी करता येतो.

पाठान्त प्रश्न

१. फिलॉर्निस माशी दीर्घकाळ दुर्लक्षित का राहिली?
२. मांसमाशीची अळी व फिलॉर्निसची अळी यांतील फरक लिहा.
३. ‘रिकामे कवचसुद्धा साक्ष देते’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. ‘अचूक ओळख हीच उपायाची पहिली पायरी’ या विषयावर तुमच्या परिसरातील एखादे उदाहरण घेऊन दहा ओळी लिहा.