वास्तूचे दोन इतिहास : ‘गुलाबो सिताबो’ आणि लखनौची महमूदाबाद हवेली

कादंबरीतील घर शब्दांनी बांधलेले असते. लेखकाने दिलेल्या भूतकाळाखेरीज त्याला दुसरा भूतकाळ नसतो. चित्रपटासाठी स्टुडिओत उभारलेल्या घराचेही तसेच. परंतु चित्रीकरण प्रत्यक्ष वास्तूत झाले, की पडद्यावरील कथेच्या पाठीशी त्या वास्तूचा स्वतःचा इतिहास येऊन उभा राहतो. या दोहोंतील नाते कोणत्या स्वरूपाचे असते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा असा आहे. लखनौच्या कैसरबागेतील महमूदाबाद हवेली हे त्याचे बोलके उदाहरण होय.

शुजित सरकार दिग्दर्शित व जुही चतुर्वेदी लिखित ‘गुलाबो सिताबो’ (२०२०) या चित्रपटात ही हवेली ‘फातिमा महल’ म्हणून अवतरते. उत्तर प्रदेशातील लोकपरंपरेत सतत भांडणाऱ्या दोन हातबाहुल्यांवरून चित्रपटाचे नाव घेतले आहे. हवेलीची मालकी वृद्ध बेगमकडे आहे. तिचा पती मिर्झा तिच्या मृत्यूची वाट पाहतो, तर नाममात्र भाडे देणारा बांके जागा सोडण्यास तयार नाही. पुढे वकील, बांधकाम व्यावसायिक आणि पुरातत्त्व खात्याचा अधिकारी हेही या ओढाताणीत उतरतात. अखेरीस बेगम घर परस्पर विकून आपल्या जुन्या प्रियकरासह निघून जाते आणि भांडणारे दोघेही रित्या हाताने उरतात. मिर्झाने कवडीमोलाने विकलेली खुर्ची शेवटी मुंबईच्या दुकानात भरमसाट किमतीला मांडलेली दिसते. लोभाने माणूस घराला मुकतो, हे या विनोदिकेचे सूत्र म्हणता येईल.

वास्तूचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कैसरबाग ही अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याने १८४८ ते १८५० या काळात उभारलेली राजप्रासादांची वसाहत. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावात बेगम हजरत महल यांच्या बाजूने लढणाऱ्यांत महमूदाबादचे राजा नवाब अली खान हेही होते. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडल्यावर कैसरबागेचा बराचसा भाग पाडण्यात आला आणि उरलेली निवासस्थाने अवधच्या तालुकदारांत वाटली गेली. म्हणजे तालुकदारांची कैसरबागेतील वस्तीच मुळी एका जप्तीतून निर्माण झाली होती.

मराठी वाचकाला लखनौ विशेषतः स्मरते ते १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिलेल्या लखनौ करारामुळे. त्या काळातील मुस्लिम लीगच्या अग्रगण्य नेत्यांत महमूदाबादचे महाराजा मोहम्मद अली मोहम्मद खान यांची गणना होई. त्यांचे पुत्र राजा अमीर अहमद खान यांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व स्वीकारले. त्यांची पत्नी व मुलगा मात्र भारताचे नागरिक राहिले. १९६५ च्या युद्धानंतर घराण्याच्या मालमत्ता सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांत लखनौचा बटलर पॅलेस आणि महमूदाबादचा किल्लाही होता. १९६८ मध्ये शत्रू-मालमत्ता कायदा झाला. राजा १९७३ मध्ये लंडनला निवर्तले आणि त्यांच्या पुत्राने वारसाहक्कासाठी दीर्घ न्यायालयीन लढा दिला. भारताचा नागरिक असलेला वारस ‘शत्रू’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर २००५ रोजी दिला. परंतु २०१७ च्या दुरुस्तीने ‘शत्रू’ या संज्ञेत भारतीय वारसाचाही समावेश केला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. हा लढा देणारे पुत्र २०२३ मध्ये निवर्तले.

ही दोन कथानके शेजारी ठेवली म्हणजे एक विसंगती लक्षात येते. चित्रपटात सरकारी अधिकारी हा अनेक दावेदारांपैकी एक, काहीसा हास्यास्पद इसम आहे. वास्तवात शासन हाच निर्णायक दावेदार आहे. पडद्यावरील बेगम आपल्या सहीने घराचे भवितव्य ठरवते. वास्तवातील वारसाला न्यायालयाने दिलेला हक्कही टिकवता आला नाही. चित्रपट हसवतो तो वारसा व्यक्तींच्या क्षुद्रतेमुळे गमावला जातो असे मानून. तो राजसत्तेच्या एका शब्दाच्या व्याख्येमुळेही गमावला जातो, हे त्याच्या भिंतींना ठाऊक आहे.

महाराष्ट्रातही असे घडले आहे. वाईजवळील मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा व घाट आहे. ‘मेणवली दप्तर’ या नावाने हे स्थळ इतिहास-संशोधकांना परिचित; पण ‘स्वदेस’ (२००४) च्या प्रेक्षकाला ते उत्तर प्रदेशातील चरणपूर गाव म्हणूनच ठाऊक आहे. तेथे कथेने वास्तूचे स्थळच पालटले. लखनौत स्थळ कायम राहिले, पण दाव्याचे स्वरूप पालटले. आणि दुसऱ्या प्रकारचा बदल ओळखणे अधिक कठीण असते, कारण तेथे सर्व काही खरेच भासते.

यावरून चित्रपटाला दोष देण्याचे कारण नाही. कथेला आपला भूतकाळ रचण्याचे स्वातंत्र्य असतेच. समीक्षकाने मात्र झिजलेल्या विटा आणि उडालेला गिलावा यांकडे केवळ ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून पाहणे पुरेसे नाही. ती पडझड कोणत्या जप्तीची, कोणत्या खटल्याची आणि कोणत्या कायद्याची आहे, हे विचारल्यावाचून त्या घराचे वाचन पूर्ण होत नाही.