कॉर्व्हेटला ऑल-सीझन टायर

डेट्रॉइटजवळच्या नोव्हीमध्ये आणि आसपास मराठी घरं पुष्कळ, आणि त्यांतली बरीचशी गाड्यांच्या धंद्यावर पोट असलेली. त्यामुळे गणपतीच्या जेवणातसुद्धा टायरचा विषय निघतो. आठव्या पिढीची कॉर्व्हेट नुकतीच घेतलेला एखादा तरुण मला हमखास विचारतो, "ताई, एवढ्या गाडीला ऑल-सीझन? मग ती कॉर्व्हेट कसली?" मी त्याला सांगते, मार्चपासून डिसेंबरपर्यंत चालवणार असशील तर डोळे मिटून ऑल-सीझनच घाल. माझ्या कॉर्व्हेटवर झेड५१ या परफॉर्मन्स पॅकेजचे उन्हाळी टायर होते. ते काढून मी ऑल-सीझन घातले, आणि इथल्या रस्त्यांवर ही गाडी तेव्हापासून मनासारखी चालवता येते.

१. बर्फाकडे पाहू नका, पाऱ्याकडे पाहा.

टायर बदलायची वेळ पहिल्या बर्फाला येते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती ऑक्टोबरातच येऊन गेलेली असते. उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्याला चिकटावं म्हणून बनवलेलं असतं. पारा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की ते ताठर होऊ लागतं आणि पकड सुटते, रस्ता कोरडा ठणठणीत असला तरी. साधारण ५ अंशांखाली उन्हाळी टायरवर गाडी चालवू नये, असं गाडीच्या पुस्तिकेतच म्हटलेलं आहे. इंजिन पाठीमागे, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि ती ताकद ४९० हॉर्सपॉवरच्या घरातली. अशा गाडीचा मागचा टायर सिग्नलवरून निघताना घसरला, तर तिला सरळ ठेवणं सोपं नसतं.

त्याआधीही गाडी इशारा देते. गार सकाळी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघालात, की पुढची चाकं अडखळत उड्या मारल्यासारखी सरकतात. गाडीत काही बिघडलेलं नसतं, थंड रबर रस्त्यावर घासत चाललेलं असतं. कडाक्याच्या थंडीत, उणे ७ अंशांच्या खाली, उन्हाळी टायर गॅरेजमधून नुसते हलवले तरी रबराला भेगा पडू शकतात. भेग पडलेला टायर दुरुस्त होत नाही.

२. ऑल-सीझन म्हणजे दुय्यम माल, हा समज सोडून द्या.

२०२० च्या मॉडेलपासून स्टिंगरे या साध्या कॉर्व्हेटला कारखान्यातूनच मिशेलिनचे ऑल-सीझन टायर येतात. त्यांच्यावर गाडी वळणात जवळपास १ जी इतका आडवा जोर पेलते, असं कॉर्व्हेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सने तेव्हाच सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी हा आकडा चांगल्या उन्हाळी टायरनेसुद्धा अभिमानाने मिरवला असता. पुढे २०२४ ला आलेल्या ई-रे या चारही चाकांना ताकद देणाऱ्या पहिल्या कॉर्व्हेटलाही मूळ टायर ऑल-सीझनच दिले.

फरक पडतोच. जुलैच्या उन्हात जोरात ब्रेक दाबला तर उन्हाळी टायर गाडी लवकर थांबवतो, आणि स्टिअरिंगचं बोलणं त्याच्यावर जास्त स्पष्ट ऐकू येतं. ट्रॅकवर तर ऑल-सीझन न्यायचाच नाही. वॉटरफर्ड हिल्स किंवा जिंजरमॅनवर काही फेऱ्या झाल्या की तो तापतो, मऊ पडतो आणि नक्षीच्या कडा झिजून जातात. ट्रॅकची हौस असेल तर उन्हाळी टायरांचा दुसरा संच वेगळ्या रिमवर ठेवावा. वुडवर्ड अव्हेन्यूवर आणि आय-९६ वर मात्र गाडीच्या मर्यादेच्या आपण जवळपासही नसतो.

३. तरीही हा बर्फाचा टायर नाही.

टायरच्या कडेला 'एम+एस' असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते, बर्फावरच्या परीक्षेवरून नाही. परीक्षा पास झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असतं. मिशेलिनच्या क्रॉसक्लायमेट २ वर ते आहे, स्पोर्ट्स कारसाठी असलेल्या बहुतेक ऑल-सीझनवर नाही. अचानक भुरभुरलेल्या बर्फातून घरी पोचण्यापुरते हे टायर पुरतात. चार बोटं बर्फ साचला असेल तर गाडी काढू नये, कारण तोवर तिचं खाली झुकलेलं नाकच बर्फ ढकलू लागलेलं असतं.

कॉन्टिनेन्टलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस या टायरची एक सोय मला फार आवडते. त्याच्या नक्षीतच डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरलेली असतात. झिजत झिजत एस पुसलं गेलं की बर्फावरचा भरवसा संपला, डब्ल्यू गेलं की ओल्या रस्त्यावरचाही. इतर टायरांवर नक्षीची खोली मोजून पाहावी: ३.२ मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली की हिवाळ्यासाठी टायर संपला, १.६ ला तर सगळ्याच ऋतूंसाठी. मागचा टायर रुंद असल्याने झिजल्यावर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून एप्रिलच्या पावसाआधी मी माप घेतेच.

४. कडेवरची बारीक अक्षरं दुकानात उभं राहून वाचा.

माझ्या गाडीला पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे ३०५/३० झेडआर २० लागतात. या मापांनंतर लिहिलेले ८९ आणि ९९ हे अनुक्रमे त्यांचे भारांक, आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरची वेगमर्यादा. आपण त्या वेगाने कधीच जाणार नाही म्हणून कमी अंकाचा स्वस्त टायर घ्यावा, हा हिशेब मला पटत नाही. या अंकामागे टायरचा सांगाडा किती उष्णता आणि किती ओझं सोसेल हे असतं.

जनरल मोटर्सने स्वतः पारखलेल्या टायरवर टीपीसी क्रमांक असतो, आणि ऑल-सीझनच्या क्रमांकाला शेवटी एमएस जोडलेलं असतं. तो असलाच पाहिजे असं नाही, पण असला तर या गाडीच्या एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलशी टायर जुळवलेला आहे हे कळतं. डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही पाहा. ३४२३ म्हणजे २०२३ चा ३४ वा आठवडा. रुंद मापांचे टायर गोदामात पडून राहतात. चारही एकाच सुमाराचे मिळाले नाहीत तर मी परत पाठवते.

५. रन-फ्लॅट घ्यायचे की नाही, हे आपण कुठे जातो त्यावर ठरवा.

या गाडीत स्टेपनी नाही. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत ८० किलोमीटरपर्यंत चालतो. साधा टायर हलका, बसायला मऊ आणि स्वस्त, शिवाय त्यात निवडही भरपूर. फक्त शहरात फिरणाऱ्याने साधा घ्यावा आणि डिकीत पंप व पंक्चरचं द्रावण ठेवावं. मी मॅकिनॉ पूल ओलांडून उत्तरेला जाते. तिकडे ३०५ रुंदीचा टायर कोणत्याही दुकानात हाताशी मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून मी रन-फ्लॅटच ठेवले.

६. रिम टायरनंतर.

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मोठी चाकं दिसायला देखणी, त्यामुळे इंचभर वाढवायचा मोह होतो. मिशिगनमध्ये फेब्रुवारी-मार्चला दिवसा वितळलेलं पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि रस्ता उखडतो. त्या खड्ड्यात आधी टायरची कड दबते, आणि कड जेवढी कमी तेवढा मार सरळ रिमला. म्हणून मी उलट सांगते: चाक इंचाने लहान करता येतं का ते पाहा.

हिशेब असा. मूळ पुढच्या टायरचा व्यास ६५.४ सेंटिमीटर, मागच्याचा ६९.१. पुढे १८ इंची रिमवर २४५/४० घेतला तर ६५.३ येतो, मागे १९ इंचीवर २९५/३५ घेतला तर ६८.९. दोन्हींचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहिलं, म्हणून गाडीच्या संगणकाचा गोंधळ उडत नाही. कड मात्र पुढे सव्वा सेंटिमीटर आणि मागे एक सेंटिमीटरहून जास्त उंच झाली, आणि खड्ड्यात तेवढीच चाक वाचवते. आता टायर शोधा. पुढचं माप सर्रास मिळतं, मागचं मात्र ऑल-सीझनमध्ये शोधावं लागतं, रन-फ्लॅटची तर आशाच धरू नका. ते मिळेल अशी खात्री झाल्यावरच रिमचे पैसे भरा. झेड५१ चे ब्रेक मोठे असतात. रिम आतून त्यांना घासत नाही, हे चाक लावून हाताने फिरवून पाहा.

नटांच्या भोकांचं वर्तुळही तपासा. सातव्या पिढीपर्यंत ते १२०.६५ मिलिमीटरचं होतं, आठव्या पिढीला १२० चं आहे. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त एवढाच फरक, त्यामुळे जुन्या कॉर्व्हेटची रिम बसल्यासारखी वाटते, पण ती नीट मध्यावर येत नाही आणि नट कधीच खरे आवळले जात नाहीत. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, मोठं असेल तर कडी घालावी. ऑफसेट पुढे-मागे वेगळा असतो, तो विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

धातूबद्दल माझं मत ठरलेलं आहे. ओतीव रिम स्वस्त, पण खड्ड्यात तडकते. घडीव रिम बहुधा वाकते, आणि वाकलेली दिसते तरी. कॉर्व्हेटच्याच झेड०६ या मॉडेलला मिळणारी कार्बन फायबरची चाकं स्प्रिंगखालचं वजन साडेअठरा किलोंनी कमी करतात. काम अप्रतिम आहे, पण मिशिगनच्या मार्चमध्ये मी ती बाहेर काढणार नाही. रंग पूर्ण झाकलेला घ्या. चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमला रस्त्यावरचं मीठ खातं.

७. मागची जोडी आधी संपते.

वजनाचा मोठा वाटा मागे, ताकदही मागे, आणि मापं वेगळी असल्याने पुढचे टायर मागे लावता येत नाहीत. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ वर ४५,००० मैलांची हमी आहे, पण पुढे-मागे मापं वेगळी असली की मागच्यांना ती निम्मीच मिळते. तेव्हा पहिल्याच दिवशी आणखी एका मागच्या जोडीचे पैसे बाजूला ठेवा, आणि ती त्याच मॉडेलची घ्या. पुढे एक जात आणि मागे दुसरी, हे या गाडीला सोसत नाही.

८. हवा थंड टायरमध्ये मोजा.

दारावरच्या चिठ्ठीत ३० पीएसआय लिहिलेलं आहे. पारा साडेपाच अंशांनी उतरला की साधारण १ पीएसआय कमी होतो. सप्टेंबरात २५ अंशांना भरलेली ३० ची हवा उणे ३ च्या पहाटे २५ वर आलेली असते. गाडी काढण्याआधी मोजावी, चालवून आल्यावर नाही.

९. दुकानात शेवटपर्यंत थांबा.

गाडी उचलताना जॅकच्या खाचांत ठोकळे बसवायला सांगा, नाहीतर खालचा भाग चेपतो. रन-फ्लॅटची कड टणक असते, चांगलं यंत्र आणि सवयीचा हात नसेल तर रिम ओरखडते आणि आतला हवेचा सेन्सर तुटतो. नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळून घ्या आणि साधारण शंभर मैलांनी पुन्हा तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या थराचा अंश असतो, म्हणून पहिले काहीशे मैल वळणं सावकाश घ्या.